दर दहा मिनिटांची नोंद

झरीच्या दवाखान्यातला कॉम्प्युटर दर सोमवारी सकाळी हटकून अडून बसायचा. बाळांच्या लसीकरणाची यादी उघडेपर्यंत अर्धा तास जायचा. धाकटी डहाणू या गावाहून रोज येणारी प्रगती वैतागून गेली होती, कारण छोट्याशा ट्रस्टच्या त्या दवाखान्यात यंत्राचं सगळं तिच्याच गळ्यात होतं.

शेवटी एका शुक्रवारी तिने कॉम्प्युटरला कामच लावून दिलं. दर दहा मिनिटांनी त्याने आपणहून स्वतःची नोंद लिहायची: प्रोसेसरवर ताण किती, मेमरी किती भरली, डिस्क किती चालली. दवाखान्यात माणूस असो वा नसो. कॉम्प्युटर बंद करायचाच नाही, असा तिथला नियम होता.

सोमवारी तिने नोंदी उघडल्या. शेवटची ओळ शनिवारी दुपारी दोन दहाची. त्याखाली एकदम सोमवार, सकाळचे आठ चाळीस.

आपलंच काहीतरी चुकलं, असं आधी तिला वाटलं. तिने सगळं पुन्हा तपासलं. चूक नव्हती; कॉम्प्युटरच दोन दिवस बंद होता. वीज परत आली की तो आपोआप सुरू व्हायचा आणि स्वतःला तपासत अडून बसायचा, म्हणून कधी कळलंच नव्हतं. मग ती वाकून वायर कुठे जाते ते पाहू लागली. वायर भिंतीवरच्या बोर्डात गेली होती. त्याच बोर्डात लसींचा फ्रिज लावलेला होता.

थंडावा गेला की लसी निकामी होतात, हे प्रगतीला ठाऊक होतं.

झाडलोट करणाऱ्या धोंडीला तिने गाठलं. "मामा, शनिवारी जाताना मेन स्विच बंद करता?"

"करतो ना! दिवाळीत नाक्यावरचं दुकान शार्टसर्किटनं जळालं, तवापासून दर शनिवारी. सोमवारी तुम्ही यायच्या आत चालू करतो." मोठ्या अभिमानाने सांगत होता तो.

"आणि फ्रिज?"

झाडू त्याच्या हातातच राहिला. "त्याची लाइन येगळी नाय?"

प्रगतीने फ्रिजवरची तापमानाची वही उघडली. रविवार: सकाळी चार अंश, संध्याकाळी पाच अंश. अक्षर नर्स देवकीताईंचं. त्या थोड्या वेळापूर्वीच कामावर आल्या होत्या.

"ताई, काल तुम्ही आला होतात?"

"छे गं. रविवारचं मी सोमवारी येऊन भरते. फ्रिज कधी बंद नसतोच, आकडा तोच..." ताई मध्येच थांबल्या. प्रगतीने मेन स्विचचं सांगून स्क्रीनवरच्या नोंदींकडे बोट दाखवलं. धोंडीने मान खाली घातली.

ताईंनी वही मिटली. "मागच्या सोमवारी लेकीच्या, रविनाच्या पोरीला लस दिली. माझ्या नातीला. या हाताने."

बाहेर आया बाळांना घेऊन बसल्या होत्या. ताई कुणालाही पुढे न करता स्वतःच बाहेर गेल्या. आज लस नाही, आणि दिवाळीपासून दिलेली कदाचित खराब होती, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं.

मग पाड्यावरची लाडकी नावाची एक आई म्हणाली, "लस टोचल्यावर माझा पोर दोन दिवस तापानं फणफणला. तो ताप फुकटच?"

ताईंनी हात जोडले.

दुपारी डॉक्टरांनी फ्रिजमधल्या सगळ्या बाटल्या बाजूला काढायला लावल्या. बाळांना अपाय नाही, पण त्या लसीचा उपयोग झाला की नाही हे सांगता येणार नाही, म्हणून पुन्हा द्यायची ठरली. डहाणूहून नवा साठा आला, फ्रिजला वेगळी लाइन टाकली. त्रेचाळीस बाळांची यादी घेऊन देवकीताई आणि धोंडी तीन आठवडे पाडोपाडी हिंडले. काहींनी दारही उघडलं नाही.

लाडकी दुसऱ्या आठवड्यात दवाखान्यात आली. पोराला कडेवरून खाली उतरवेना.

"आधी फ्रिज उघडा," ती म्हणाली. "आकडा मला बघायचाय."

ताईंनी फ्रिजचं दार उघडलं.