काल येतो

गुजरातीत ‘काले’ म्हणजे कालही आणि उद्याही.

फुटलेल्या टीव्हीच्या पडद्यातून काळसर, पारदर्शक पापुद्रा निघतो.

प्रयोगशाळेत प्रकाशकणांकडून कालप्रवासाची नक्कल करून घेता येते.

कापड गिरण्यांच्या पांडेसऱ्यातल्या एका खोलीत खुंटीला लाल फडक्यात बांधलेलं मडकं आहे. ते अजून तापीत सोडलेलं नाही.

मंडपात रेटारेटी चालली होती. क्वांटमबाबांचा हिरवा लेझर कोऱ्या काचेवर नाचत होता, मागे दिवा जळत होता. वत्सलाबाई हात जोडून पुढे सरकल्या. कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये भाजून गेलेला शुभम त्यांचा एकुलता मुलगा.

“बोलो माताजी, बेटे को क्या संदेश?”

“त्या सकाळी उठू नको म्हणावं.”

“भेज दिया! और अस्थी छोडना मत. बेटा लौटेगा तो किस में लौटेगा?”

बाबांनी काचेपुढे काळसर चौकट धरली. कोऱ्या काचेवर रंगीत अक्षरं उमटली : ‘आई, मी काल येतो.’

“अगं बया!” शेजारच्या सखुबाई किंचाळल्या. “काल येतो! म्हंजे मागच्या काळातनं!”

“यही तो क्वांटम है!” बाबा गरजले.

वत्सलाबाई काचेकडे झेपावल्या. कॉलेजात शिकणाऱ्या त्यांच्या लेकीने, धनश्रीने, त्यांना सावरलं.

“आई, दादा तुला कधी ‘काल येतो’ म्हणायचा?”

वत्सलाबाई आठवू लागल्या. बाहेर तो दिवसभर गुजराती बोले. पण उंबऱ्याच्या आत ‘उद्या’च.

“लिहिणाऱ्याला मराठी येत नाही, बाबा,” म्हणत धनश्रीने काचेवर नख फिरवलं. ‘काल’चा काना सोलून निघाला. साधी पारदर्शक चिकटपट्टी!

“टीव्हीचा एक पापुद्रा काचेमागे, दुसरा चौकटीत. दोघांमधून पट्टी रंगीत दिसते. प्रत्येक आईला हीच काच दाखवतात.”

“पण शास्त्रज्ञांनी केलंय ना?” कुणीतरी म्हणालं.

“त्यांनी गणित तपासायला नक्कल केली, आणि नक्कलच म्हटलं. माणूस मागे जात नाही. निरोपही नाही.”

बाबा लेझरची वायर गुंडाळत होते. वत्सलाबाईंनी लेकीचं मनगट घट्ट धरलं.

“धने, खोटं असू दे. पण ती पट्टी परत लाव ना गं. एकदाच.”

धनश्रीला रडू फुटलं. पट्टी तिने आईच्या तळहातावर ठेवली. वत्सलाबाई कितीतरी वेळ त्या कान्याकडे बघत राहिल्या. मग सखुबाईंना म्हणाल्या, “हात जोडायच्या आधी काचेला नख लावून बघत जा, बाई. आमच्यासारख्या रडणाऱ्यांनी तर आधी.”

मडकं तापीत सोडलं.

त्या सकाळी शुभम ‘उद्या जातो’ म्हणून कुशीवर वळला होता. त्याला वत्सलाबाईंनीच हलवून उठवलं.