रिपोर्टच्या आधी उपकारस्तुती

माझ्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट शनिवारी यायचा होता आणि आमच्या ह्यांनी तो आधीच्या रविवारीच चर्चमध्ये जाहीर करून टाकला. नॉर्मल म्हणून!

उपासना संपत आली होती, सूचना चालल्या होत्या. आमचे हे, म्हणजे शमुवेलराव, मंडळीचे पंच, चर्चचा कारभार बघणारे. ऑक्टोबरच्या त्या उकाड्यातही कोट घालून उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या पत्नीला प्रभूने आरोग्य दिलं आहे. त्याबद्दल येत्या शनिवारी संध्याकाळी आमच्या घरी उपकारस्तुतीची सभा आहे. सर्वांनी अगत्याने यावे." माझ्या हातून गीतांचं पुस्तक खाली पडलं. बाहेर आले तर दारात बायकांचा गराडा. "सलाम एस्तेरबाई! प्रभू किती चांगला, नाही?" मी आपली दात काढून हसत होते आणि मनात म्हणत होते, घरी चला तुम्ही, मग बघते.

घरापर्यंत धीर कुठला निघायला? स्कूटरवर मागे बसल्या बसल्याच विचारलं, "अहो, रिपोर्ट आलाय का?"

"नाही."

"मग आभार कसले मानताय?"

"विश्वासाने आधी आभार मानायचे असतात, एस्तेर."

"आणि वाईट आला तर?"

"तसं तोंडाने बोलायचंसुद्धा नाही." एवढं बोलून त्यांनी माळनाक्याच्या खड्ड्यात स्कूटर अशी काही घातली की माझा विश्वास थेट मणक्यापर्यंत गेला.

हे आभारांचं खूळ आमच्या घरात तसं जुनंच. हे कुठल्याशा अधिवेशनाला जाऊन आले आणि तेव्हापासून नियम केला, जेवणाआधी प्रत्येकाने एका गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे. पानात गरम बांगडा, आणि आम्ही तिघं डोळे मिटून. आमची मुलगी आरोही शाळेत शिकवते, ती बिचारी रोज "आज मुलं गप्प बसली" म्हणून मोकळी होते. ह्यांचं मात्र आकाशाच्या निर्मितीपासून सुरू होतं आणि बांगड्यापर्यंत यायला बांगडा थंडगार पडतो. बरं, बांगड्याबद्दल आभार कोणाचे? देवाचे. मासळीवालीशी घासाघीस मी केली, खवले मी काढले, तळला मी, तेल माझ्या हातावर उडालं. पण प्रार्थनेत माझं नाव म्हणून नाही. मी एकदा म्हटलं, देवाला बांगडा तळायचं माहीत नसेल हो, त्याला सांगा तरी कोणी तळला. तर हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पण गाठ सापडल्यापासून हे सगळं मला हसण्यावारी नेता येईना. मला भीती वाटत होती. साधी भीती. आंघोळीच्या वेळी हात तिथे गेला की मी घाईघाईने पाणी ओतून बाहेर यायचे. आणि घरात ती बोलायची सोय नव्हती. एकदा जेवणाआधी माझी पाळी आली तेव्हा मी म्हणून गेले, "प्रभू, मी घाबरल्ये." ह्यांनी डोळे न उघडताच सांगितलं, "असं नाही. आभार मान." मी सोलकढीबद्दल आभार मानले. मनात मात्र एवढंच होतं की या माणसाने एकदा माझ्याकडे बघून म्हणावं, बाई गं, मलाही भीती वाटत्ये. बास. रिपोर्ट काय यायचा तो येवो, पण त्या भीतीत मला एकटीला बसवू नये.

शेजारच्या कुसुमकडे जाऊन मी मनातलं सगळं ओकले. ती पायरीवर बसून नारळ सोलत होती. "काय गो एस्तेर," ती म्हणाली, "तुझ्या रिपोर्टासाठी मी पुळ्याच्या गणपतीला नवस बोलल्ये हो. पण आमच्याकडे आधी काम, मग नारळ. काम झालं नाही तर नारळाची चटणी करून खातो. तुमच्याकडे सगळंच आगाऊ!" मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी काही थांबेना. कुसुमने नारळ खाली ठेवला आणि मला जवळ घेतलं.

शनिवार उजाडला. हे सकाळपासून खुर्च्या मांडत होते. समोसे सांगितले होते, पेटी आणून ठेवली होती. दुपारी चहाच्या सुमाराला आरोहीच्या मोबाईलवर रिपोर्ट आला. ती वाचत होती आणि तिचं तोंड उतरत चाललं होतं, तेव्हाच मला कळलं. तिने डॉक्टरांना फोन लावला, स्पीकरवर ठेवला. डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, कॅन्सर आहे. गाठ लहान आहे, वेळेत आलात, पण ऑपरेशन करावं लागेल, पुढचे उपचारही आहेत. सोमवारीच कोल्हापूरला जा.

आरोही मला बिलगली. ह्यांच्या हातात खुर्ची होती, ती त्यांनी उघडली, मिटली, परत उघडली.

"सभेत सांगायचं नाही," ते म्हणाले.

"काय?"

"आज नको. लोक यायला निघाले असतील. मी भर उपासनेत सांगून बसलोय, त्यांच्या विश्वासाचं काय होईल?"

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! "त्यांच्या विश्वासाचं? आणि माझं काय होईल ते विचारा की! की मी आता मरेपर्यंत तुमच्यासाठी नॉर्मल राहू?" त्यावर हे खुर्चीवर बसले आणि कोटाचं बटण लावत राहिले. काढून लावत होते तेच बटण. त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की कॅन्सरसुद्धा मी विसरले.

संध्याकाळी सगळी मंडळी आली. "सलाम, सलाम," अंगणात चपलांचा ढीग. कुसुमही येऊन मागे बसली, तिला अजून काही माहीत नव्हतं. गीतं झाली. बायबलमधलं वचन वाचून झालं. समोशांचा वास घरभर सुटलेला, त्यामुळे पाळकसाहेबांनी संदेश आटोपता घेतला आणि म्हणाले, "आता आपल्या एस्तेरबाई साक्ष देतील. प्रभूने काय काय केलं, ते त्यांच्याच तोंडून ऐकू या."

मी उठले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून.

"रिपोर्ट आज दुपारी आला," मी म्हटलं. "कॅन्सर आहे."

पेटीवाल्याची बोटं पट्ट्यांवर होती, त्यातून एक सूर निसटला.

"ह्यांनी तुम्हाला खोटं सांगितलं नाही, घाई केली. मी काही आज आभार मानणार नाही. कॅन्सरबद्दल कोण आभार मानतं? मानले तर देवसुद्धा म्हणेल, ही बाई ढोंगी आहे. मला भीती वाटते. ऑपरेशनची वाटते, केस जातील त्याची वाटते, मरणाची तर वाटतेच. स्वर्ग चांगला असेल, मी नाही म्हणत नाही, पण मला रत्नागिरी आवडते. झाली माझी साक्ष."

पुढच्या रांगेतला एक जण चाचरत म्हणाला, "पण बाई, विश्वास..." मागून कुसुम कडाडली, "गप बसा हो! घाबरू द्या की तिला!" परक्या घरच्या सभेत, परक्या धर्माच्या बाईने पाळकासमोर असा आवाज चढवला, आणि त्या माणसाने गीतांचं पुस्तक उघडून तोंडासमोर धरलं.

पाळकसाहेबांना काय करावं सुचेना. त्यांनी गडबडीने सांगितलं, "आता पंच आपल्या सगळ्यांच्या वतीने प्रार्थना करतील." सगळे उभे राहिले, डोळे मिटले. मी मिटले नाहीत. मला ह्यांच्याकडे बघायचंच होतं, आता काय थापा मारतायत ते.

"हे परमदयाळू स्वर्गीय पित्या," ह्यांनी नेहमीसारखा भरदार आवाज लावला. "आम्ही तुझे आभार..." आणि थांबले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा "आभार"पाशी येऊन अडले. कोणीतरी खोकलं. मला वाटलं, आता आकाशाची निर्मिती काढून वेळ मारून नेतील.

मग त्यांचा पंचांचा आवाज गेला आणि चष्मा सापडत नाही तेव्हाचा, घरातला आवाज बाहेर आला.

"मला नाही जमत रे आज," ते म्हणाले. "मी पण घाबरलोय. ही पाहिजे मला. बाकी काही नको. आमेन."

इतक्या वर्षांच्या संसारात असलं वाक्य या माणसाने माझ्याशी कधी बोललेलं नाही. आताही देवालाच सांगितलं, मला नाहीच. पण मी शेजारीच उभी होते आणि मला ऐकू येतं. भर मंडळीत मी त्यांचा हात धरला.

"आमेन," मी म्हटलं, चांगलं मोठ्याने.