चारशे मीटरचं बंडल

माझा स्वभाव मुळातच उतावळा. त्यात पळणाऱ्यांच्या वह्यांचं खूळ मीच डोक्यात घेतलं. मानोऱ्यात आमचं स्टेशनरीचं दुकान आहे. भरतीची तयारी करणारे तिथून वह्या नेऊन पट्टीनं रकाने आखत बसायचे. म्हटलं, ज्याला जे रकाने हवेत ते विचारून छापून देऊ. झालं! व्यक्ती तितक्या प्रकृती. धनराजला वजनाचा रकाना हवा, मंजूला झोपेचा, एकाला तर ‘कंटाळा’ असाही हवा. तांड्यावरच्या रंजीतानं मात्र दोनच मागितले.

“पारसभाऊ, मले वेळ पायजे आन जागा. बाकी काई नोको.”

जागा कशाला, तर ती आईबापासोबत ऊसतोडीला जाते आणि तिकडेही पळणं सोडत नाही. पोलीस भरतीची आठशे मीटरची धाव बारा दिवसांवर आली होती. तिला दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत यायचं होतं आणि ती रोज दोन-शेहेचाळीसला येत होती. तांड्यानं तर मनातल्या मनात तिला खाकी चढवलीच होती.

नमुना म्हणून तिच्या जुन्या वहीतले आकडे मी जागेप्रमाणे मांडले आणि माझ्या तोंडची चवच गेली. तांड्यावर दोन-सत्तेचाळीस, दोन-शेहेचाळीस. ऊसतोडीच्या गावी, शाळेच्या आखीव मैदानावर, तीन-एक, तीन-दोन. ऊस तोडून अंग दुखतं म्हणून असं होतं, असं ती सांगायची. पण एका आकड्यासमोर तिनंच लिहिलं होतं, ‘आज तोड बंद’. तरी तीन-एक.

दिवसभर दुकानात जीव लागेना. एका गिऱ्हाइकाला पेनाऐवजी डिंक दिला. सांगावं तर ऐन वेळी पोरगी खचणार, न सांगावं तर भरतीच्या मैदानावर तोंडघशी पडणार. सकाळी उठून टेप घेतला आणि तांड्यावरचं तिचं पळायचं मैदान गाठलं.

“हे मैदान मोजलं कोणी?”

“म्या!” रंजीताचा बाप सेवादास छाती फुगवून म्हणाला. “ड्रिपच्या नळीचं चारशे मीटरचं बंडल रायते ना? तेच गोल आथरलं आन वरून चुना टाकला.”

काय डोकं म्हणावं! मला दादच द्यावीशी वाटली.

“बंडल कोरं होतं?”

तो जरा घुटमळला. “थोडी नळी आदी शेजारच्या हेमसिंगले देल्ती.”

“किती?”

“असंन तीसक मीटर.”

बुटाची नाडी बांधता बांधता रंजीताचा हात थांबला. तिच्यासमोरच विचारून बसलो, याची मला लाज वाटली. आम्ही टेप लावला. फेरी तीनशे सत्तर भरली.

“मंग मी इथं आठशे कदी पळालीच नाई?”

आठशेची रेघ साठ मीटर पुढे सरकवली. ती पुन्हा उभी राहिली. सेवादासनं स्टॉपवॉच धरलं. माझ्या हाताला चैन नव्हती म्हणून मीही मोबाइलवर वेळ लावली. शेवटच्या साठ मीटरला तिचे पाय जड झाले, मला बघवेना.

“दोन एकोणपन्नास!” ती रेघेवर येताच सेवादास ओरडला. “पाय बरं, आली ना!”

माझ्याकडे तीन मिनिटं आणि वर एक सेकंद होता. मी मोबाइल खिशात घालू लागलो. सेवादास माझ्याकडे विनवणीच्या नजरेनं बघत होता.

रंजीता गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती. “भाऊ, तुमचं किती?”

“तीन-एक.”

सेवादासनं मान खाली घातली. तिनं पेन मागितला आणि नव्या पानावर पहिला आकडा लिहिला, तीन-एक. मग बापाच्या मुठीतलं घड्याळ सोडवून माझ्या हातात दिलं.

“बा, उद्यापासून वेळ भाऊ पायतीन,” ती म्हणाली. “तू त्या शेवटच्या साठ मीटरवर उभा राय. मले आवाज देत राय.”