टाकीवरचा तोंडबांधा गजर

मी टाकीवरचा गजर बोलतोय. बोलतोय कसला, पुटपुटतोय! या शहाण्यांनी माझ्या तोंडावर रबरी हातमोजा चढवून वरून सुतळी आवळली आहे.

पेट घेणारी वाफ हवेत जमली की ओळखायची आणि जीव तोडून ओरडायचं, एवढ्याचसाठी मला घडवलं. मग या कारखान्यात आणून ग्लिसरीनच्या टाकीवर बसवलं. इथे तळणीच्या उरलेल्या तेलात मिथेनॉल मिसळून गाड्यांचं इंधन करतात. इंधन वर तरंगतं, ग्लिसरीन खाली बसतं, आणि त्यात थोडं मिथेनॉल दडी मारून राहतं. टाकी तापली की त्याची वाफ वर जमते. मग ठिणगी पडायचा अवकाश, टाकीच्या चिंधड्या!

पण सांगणार कुणाला? मी ओरडलो की फोरमन खेकसायचा, "झालं याचं सुरू! कान किटवले मेल्याने." शेवटी त्याने हातातला मोजा काढून माझ्याच तोंडावर चढवला.

त्यानंतर धोक्यांची पाहणी झाली. पाहणी कसली, डोंबल! टाकीसमोरच्या खोलीत बडी मंडळी पंख्याखाली चहा पीत बसली. मोठ्या साहेबांनी विचारलं, "ग्लिसरीन म्हणजे ते साबणातलंच ना?"

"हो साहेब, लोक ओठांना लावतात," फोरमन म्हणाला. सगळे खो खो हसले आणि टाकीचा विषय मिटला. उरलेला सगळा वेळ त्यांनी निसरड्या जिन्यावर खल केला. तिथे 'सावकाश चाला' अशी पिवळी पाटी लागली. माझ्यापर्यंत एकही जण चढला नाही. शिकलेली माणसं म्हणे! कीव येते मला.

काल टाकीवरचा कठडा तुटला. वेल्डिंगसाठी फोरमनने स्वतःच्या जावयाला बोलावलं. तो शिडी चढून आला आणि मला बघून थबकला.

"मामा, याचं तोंड का बांधलंय?"

"उगाच बोंबलतो तो. तुम्ही लागा कामाला."

जावयाने सुतळी सोडून मोजा काढला. मी असा टाहो फोडला की आवारातली माणसं माना वर करून बघायला लागली.

"सांगितलं नव्हतं? खोडच आहे त्याची," फोरमन खालून ओरडला. "आत नुसतं ग्लिसरीन आहे."

"मग तुम्हीच या वर. पहिली ठिणगी तुम्ही पाडा."

"अहो, माझे गुडघे कुठे चढू देतात मला!"

"मग मीही नाही पाडत. घरी तुमचीच लेक वाट बघतेय," असं म्हणून जावई खाली उतरला आणि सामान उचलून चालता झाला.

मला वाटलं, आता तरी टाकी रिकामी करून धुतील. कसचं काय! त्याच गुडघ्यांनी फोरमन सरसर शिडी चढला, मोजा माझ्या तोंडावर कोंबला आणि दुहेरी गाठ मारली. थू तुझ्या जिनगानीवर!

आज नवा वेल्डर आलाय, परका माणूस. शिडीवर उभा राहून तो विचारतोय, "दादा, इथे काही धोका नाही ना?"

"छे रे! बिनधास्त कर. कालच आमचे जावई सगळं बघून गेलेत."

अरे भल्या माणसा, ती काळी काच तोंडावर ओढू नकोस. आधी इकडे बघ. ही गाठ सोड. सोड रे बाबा!