बोटांनी बसवलेला प्लग

पाना अखेरचा दाबला तेव्हा इंजिनातून एक कोरडी किरकिर उमटली. भाकरीच्या घासात खडा लागावा तशी. मी तिला यशाची खूण समजलो. मोबाइलवरची एक चित्रफीत पाहून बायकोच्या जुन्या स्कूटरचा प्लग स्वतः बदलण्याचा साक्षात्कार मला झाला होता. प्रत्यक्षात प्लग तिरका शिरला होता आणि माझ्या पराक्रमाने इंजिनाच्या हेडमधले आटे खाल्ले होते. या गाडीचं हेड आता बाजारात मिळत नाही. टिळकवाडीतून पिरनवाडीच्या शाळेत बायको याच गाडीवरून शिकवायला जाते. ती काहीच बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मी घरात पाहुण्यासारखा वावरतो.

गाडी ढकलत कॅम्पात नेली, आप्पांकडे. चिंचेखालचं ते पत्र्याचं गॅरेज, आणि फाल्गुनाच्या उन्हात चिंचेसारखाच वाळलेला, चिवट, सावली देणारा तो म्हातारा. निपाणीकडच्या जैन शेतकरी घरातला हा माणूस तंबाखूच्या रानातून लोखंडाच्या रानात आला, तरी पेरणीची सबुरी त्याच्या हातातून गेली नाही. नखांच्या कडांना काजळासारखी तेलाची रेघ. मान किंचित कलती, जणू जगातला प्रत्येक आवाज काही सांगू पाहत आहे. गिऱ्हाइकाशी ते मराठीत बोलत आणि इंजिनाशी कानडीत. त्यांतलं जिव्हाळ्याचं कुठलं, हे ओळखायला भाषांतराची गरज नव्हती.

त्यांनी बॅटरीच्या उजेडात भोक न्याहाळलं.

“इंजिन तापलेलं असतानाच पाना लावलासा व्हय, सायेब?”

“जरा कोमट होतं.”

“लई ताकद हाय की तुमच्यात. पिठाची गिरणी काढा.”

“जमेल का, आप्पा? उद्या हिची शाळा आहे.”

“बघूया. एक संधी हाय. आटं पुन्हा धरलं तर धरलं, न्हायतर गाडी भंगारात.”

आटे पाडायच्या टॅपला त्यांनी ग्रीस फासलं. धातूचा कीस आत न पडता त्यालाच चिकटावा म्हणून. अर्धा वेढा पुढे, पाव मागे. पुन्हा बाहेर काढून पुसणं, पुन्हा ग्रीस. आजारी लेकराच्या घशात औषध उतरवणाऱ्या आईच्या बोटांत असते तशी ती संथ, हट्टी माया. मग नव्या प्लगच्या शेंडीवर त्यांनी वीतभर रबरी नळी चढवली आणि तीच चिमटीत धरून प्लग आधी उलटा फिरवला. कुठेतरी टिक् असं अस्फुट वाजलं. आट्याला आटा भेटला. मग सुलटा.

“वाट चुकली तर नळीच घसरतीया,” ते म्हणाले, “जोर करूच देत न्हाय.”

पाना त्यांनी अगदी शेवटी उचलला, जेमतेम अर्ध्या वेढ्यापुरता.

तोवर समोरच्या चर्चच्या शिखरावरचं मावळतीचं केशर विझलं होतं. खिळ्याला टांगलेल्या डब्याकडे आप्पांनी एकदाच पाहिलं, आणि तेव्हा मला उमगलं: सूर्य मावळल्यावर ते जेवत नाहीत. माझ्या पराक्रमापायी त्या दिवशीचं त्यांचं जेवण मावळलं होतं.

“आप्पा, तुमचा डबा...”

“त्यो उद्या बी उघडंल. किक मारा.”

पहिल्याच किकेला इंजिन सुरू झालं. आप्पा मान कलती ठेवून ऐकत राहिले. उपाशी चेहऱ्यावर असं तृप्त हसू मी पुन्हा पाहिलं नाही. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. सकाळी शाळेआधी ती आप्पांकडे थालीपिठं तेवढी पोचवून आली.

पुढच्या श्रावणात आप्पा गेले. चिंच आहे, पत्रा आहे. ऐकणारी ती कलती मान नाही. माणूस जातो, पण त्याच्या बोटांनी जोखून लावलेला जोर लोखंडात तसाच थांबून राहतो आणि रोज सकाळी एका ठिणगीपुरता आपल्यात परततो.

परवा गाडी चढावर जराशी अडखळली. मी नवा प्लग घेऊन, या वेळी रबरी नळीसुद्धा घेऊन, दाराशी उकिडवा बसलो. बायकोने माझ्या हातातला पाना काढून घेतला.

“राहू दे,” ती म्हणाली. “उपाशी राहून बसवलाय त्यांनी. चालतोय तोवर चालू दे.”