प्रभाकररावाच्या तळ्यातला बाप्तिस्मा

प्रार्थनेत मी डोळे मिटत नाई, हे आमच्या मंडळीत सगळ्याइले मालूम हाय. मिटून कसं चालन बाप्पा? मागच्या रांगेत पोट्टे एकमेकाचे कान वढून राह्यते, कुत्रं चपला घेऊन पळते, अन् हे सारे डोळे मिटून हालेलुया करून राह्यले. कोनी तरी पाहाले पाह्यजे ना! आमचे पास्टर मोतीलाल एकदा भर उपासनेत म्हने, "गंगाबाई, देव जागा हाय, तुमी मिटा डोळे." सारे हासले. मी बी हासली. पन डोळे काई मिटले नाई.

आमची मंडळी लहानशीच. तळेगाव श्यामजी पंतच्या पल्याड टिनाचं शेड हाय, त्याच्यावर 'बॅप्टिस्ट मंडळी' असं निळ्या रंगानं लिवलेलं. बरेचसे आमी गोंडाइच्या घरचे, संत्र्याच्या बगीच्याइत कामाले जानारे. दर ईस्टरले दिवस निंघाच्या वक्ती उपासना, अन् तिच्या मागून बाप्तिस्मा. आमच्यात लेकराच्या डोक्यावर पानी शिंपडून बाप्तिस्मा देत नाई. मानूस मोठा व्हावा, त्यानं आपल्या तोंडानं साक्ष द्यावी, अन् मंग पुराच्या पुरा पान्याखाली जावा. खाली जाते तो मेल्यावानी, वर येते तो नवा होऊन.

यंदा माही आचल जानार होती. एकुलती एक पोर, वर्ध्याले राहून नर्सिंग शिकते. शहानी हाय, मायसारखी तोंडाळ बी हाय, पन तिले पोहता येत नाई.

पयले आमी नदीवर जात होतो. आता नदीतली रेती उपसून उपसून असे गड्डे झाले का कुठं गुडघाभर पानी अन् कुठं मानूस गायब, काईच समजत नाई. तं पास्टर म्हने, यंदा प्रभाकररावाच्या शेततळ्यात करू. प्रभाकरराव रिटायर मास्तर. त्यायचा देव येगळा, पन मन मोठं. म्हने, "करा ना, तुमचा सन हाय. मी काऊन नाई म्हनू?"

मले ते तळं नको होतं. त्या तळ्यात मी रोही मरताना पाह्यला होता.

थंडीतली गोष्ट. आमी संत्रे तोडाले गेलतो. रोही, म्हंजे नीलगाय म्हनते ना ते जनावर, रात्री पानी प्याले उतरला असन. तळ्याले चहूकडून काळं प्लास्टिक लावलेलं, पानी मुरू नये म्हनून. वरून पाह्यलं तं काईच भेव वाटत नाई. उतारच तं हाय, येईन कोनीबी चढून! पन त्या प्लास्टिकवर शेवाळ धरते, अन् मंग पाय ठरतच नाई. एवढं घोड्याएवढं जनावर, सकाळपासून काठाकाठानं फिरत होतं. खुर मारे, अर्ध्यात ये, घसरून परत जाय. आमी दोर टाकला, पन त्याले बिचाऱ्याले दोर काय समजते? दुपारी तळं शांत झालं. त्याच्या खुराइचे पांढरे ओरखडे त्या प्लास्टिकवर अजून हाय.

मी तशीच पास्टरच्या घरी गेली. म्हनलं, "पास्टरजी, घराघरावर काळ्या टाक्या असते, तशी एखादी मोठी टाकी आना अन् तिच्यात करा."

पास्टर पोट हालवत हासले. साठी उलटलेला मानूस, आवाज असा का शेडचे टिन वाजावे. "टाकीत उकिडवं बसवू का पोरीले? मानूस पुरा निजला पाह्यजे पान्यात. शिंपडून भागत असतं तं घागर घेऊन मीच तुमच्या दारी आलो असतो."

"अन् वर कोन काढन?"

"मी काढीन. ज्यानं पान्याखाली नेलं त्यानंच वर काढाचं, रिवाजच हाय तो. आजलोक कोनाले खाली ठेवलं का म्या?"

हाच मानूस आचल लहान असताना, ती तापानं फनफनली तवा, भर पावसात तिले सायकलीवर बसवून आर्वीच्या दवाखान्यात घेऊन गेलता. तिचा बाप गावाले गेलता अन् मी रडत बसली होती. त्या पोरीवर त्याचा जीव हाय, हे मले कोनी सांगाची गरज नव्हती. तरी भेव गेलं नाई.

माहा नवरा टिकाराम मंडळीतला डीकन हाय, म्हंजे पास्टरच्या हाताखाली मंडळीचं काम पाहनारा. शनिवारी त्यानं अन् गड्यायनं पोत्याइत माती भरली अन् तळ्याच्या एका कोपऱ्यात, प्लास्टिकवर, पायऱ्यावानी लावली. शेवटचं पोतं पान्यात छातीइतक्या खोलावर. त्याच्यापुढं सरळ उतार, अन् मधात दोन पुरुष पानी.

मी म्हनलं, "माती वल्ली झाली का पोतं सरकन."

"तुले सगळ्यातच खोट दिसते वं!"

"दिसते. मले डोळे हायेत. दोर बांधा. एक टोक काठावरच्या पंपाच्या लोखंडी अँगलले, दुसरं पान्यात."

कुरकुर करत का होईना, त्यानं नवा निळा दोर बांधला. मी सोता लोंबकळून पाह्यला. तवा कुठं माह्या जीवात जीव आला.

ईस्टरच्या दिवशी उजाडता उजाडता आमी तळ्यावर पोचलो. वारा म्हनून नव्हता. पानी काळं, पानही हालत नव्हतं त्याच्यावर. टिटवी वरडत वरडत आमच्या डोक्यावरून गेली. पास्टर म्हनते, असे अपशकुन मानाचे नाई. नाई मानत, पन कानाइले काय करू?

"येशू उठला हाय!" पास्टर गरजले.

"खरोखर उठला हाय!" आमी सारे.

त्यायनं परत म्हनलं, आमी परत उत्तर देलं. ढोलक वाजली. सारे खुश होते, अन् आचल तं पांढऱ्या सलवार-कुर्त्यात अशी हासून राह्यली होती का तिच्याकडं पाहून मी घडीभर सारं इसरली.

बाप्तिस्मा दोघीइचा होता. पयली आमच्या मंडळीतल्या कवडूची माय पारबताबाई, मंग आचल. तेवढ्यात आचलच्या ध्यानात आलं का कोरड्या कपड्याइची थैली ऑटोतच राह्यली. मी थैली आनाले रोडलोक गेली. परत आली तं पारबताबाईचं झालं होतं. टाळ्या वाजत होत्या, अन् बुढी वल्ल्या लुगड्यानं थरथरत, हासत एका आडोशामांगं चालली होती. पंपापासून संत्र्याच्या झाडालोक लुगडे टांगून कोनी तरी मस्त पडदा केलता. मले बरं वाटलं. मंग पाह्यते तं लुगडे निळ्या दोरावर टांगलेले.

मी काठाकडं पाह्यलं. पान्यात दोर नव्हता.

टिकारामच्या बाजूले जाऊन मी दात चावून इचारलं, "दोर काऊन सोडला?"

"हळू बोल ना. पारबताबाई आडूनच बसली. म्हने, वल्ल्या पांढऱ्या लुगड्यानं गड्याइच्या पुढून जानार नाई, पयले पडदा करा. दुसरा दोर होता कुठं?"

"अहो, पोर पान्यात उतरून राह्यली!"

"मंग? बुढी नाई आली का वर? दोन मिनिटाचं काम. आचलचं झालं का बांधतो परत. मिट डोळे, प्रार्थना लागली."

त्यानं सोताचे डोळे मिटले. साऱ्याइनं मिटले. डीकनानं मिटले, ढोलकवाल्यानं मिटले, पान्यात उभ्या पास्टरनं मिटले, अन् त्यायच्या हातावर हात ठेवून माह्या पोरीनं बी मिटले. सारं तळं अन् सारी मंडळी चूप. फक्त मी पाहून राह्यली होती.

पास्टरच्या पायापाशी पान्यात पिवळा धूर उठावा तशी माती उठून राह्यली होती. पोतं रातभर भिजलं, त्याच्यावर बुढी चढली-उतरली, आता हे दोघं. माती पोत्यातून निंघून चालली होती.

"पास्टरजी, थांबा!" मी वरडली. पन तेवढ्यात 'आमेन' झालं, ढोलक वाजली अन् सारे एका आवाजात गाले लागले. आमच्यात तसंच हाय, मानूस पान्याखाली जाते अन् मंडळी गाने सुरू करते, जितकं मोठ्यानं होईन तितकं. माहा आवाज मलेच ऐकू आला नाई.

"पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावानं..." पास्टरनं पाठीमागं हात लावून आचलले निजवलं. ती पुरी पान्याखाली गेली. अन् त्यायनं तिले वर काढलं. तोंडावरचं पानी पुसत ती हासली, मले पाहून हासली.

मंग पोतं सरकलं.

पास्टरचा एक पाय गेला, मंग दुसरा. आचलचा हात त्यायच्या हातातच होता. दोघं मांगच्या मांगं गेले अन् पान्यानं दोघाइले झाकलं. मंडळी गाऊनच राह्यली होती. अर्ध्याइचे डोळे मिटलेले, हात वर.

मी पान्याकडं पळाली नाई. पडद्याकडं पळाली. दोर धरून जीव खाऊन वढला. पारबताबाई नुसत्या परकरावर उभी होती, ती किंचाळली, "अवं माय! हे काय करून राह्यली वं?" मी म्हनलं, "मरो तिकडं तुही लाज!" पंपाकडची गाठ निंघाली. झाडाकडची निंघेना. तेवढ्यात टिकाराम धावत आला. त्यानं फांदीच मोडली. लुगडे लोंबत होते तसाच तो दोर आमी काठावर वढत नेला.

आचल काठालोक आली होती. प्लास्टिकवर नखं रोवे, अर्ध्यात ये, घसरून परत जाय. जिथं रोहीच्या खुराइचे ओरखडे होते, तिथंच. "माय!" एवढंच म्हने अन् नाकातोंडात पानी जाय. आमी दोर टाकला. हात पुरला नाई. परत टाकला. तिचं डोकं खाली गेलं, अन् मले वाटलं, गेली, माही पोर गेली.

अन् ती वर आली. अशी वर आली, कंबरीलोक पान्याच्या भाईर, का कोनी तिले खालून उचलून धरलं असावं. तिच्या हाती पारबताबाईचं लुगडं लागलं. आमी वढलं. साऱ्याइनं वढलं. ती काठावर येऊन पडली, खोकलली, अन् पयलं बोलली ते हे, "पास्टरजी खाली हायेत. त्यायनं मले पायाले धरून वर ढकललं."

मी दोर परत फेकला. तळ्यात हाललं नाई काई.

कवडूनं अन् अजून एका पोरानं कंबरीले दोर बांधून बुड्या मारल्या. पास्टरले वर काढाले लय वेळ लागला. काठावर निजवलं तं त्यायचे दोनी हात कोपरातून वाकलेले, वर उचलल्यावानी. टिकाराम त्यायच्या पायापाशी बसून कपाळ बडवून घेत होता. मले त्याचा असा राग आला का बोलता सोय नाई, अन् तितकीच कीव आली. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

कोनी तरी अँब्युलन्सले फोन लावला. आचल वल्ल्या कपड्यानं गुडघ्यावर बसली अन् शिकली होती तशी त्यायची छाती दाबाले लागली. दाबे, तोंडात हवा भरे, परत दाबे. "उठा, पास्टरजी. उठा ना." दिवस पुरा निंघाला होता. मंडळी भवताल उभी होती, अन् कोनाच्याच तोंडून सकाळचं ते वाक्य निंघत नव्हतं. साऱ्याइचे डोळे टक्क उघडे होते.

मी तिथंच मातीत बसली अन् डोळे मिटले. जिंदगीत पयल्यांदा, घट्ट. म्हनलं, देवा, तू जागा हायेस असं हा मानूस सांगत होता, तं पाह्य आता याच्याकडं. तिच्या हाताइचा आवाज येत होता, धप, धप. तो आवाज येऊन राह्यला तोवर मी मागत राह्यली.

डोळे उघडले तवा आचलचे हात थांबले होते. ती पास्टरचे डोळे मिटवून राह्यली होती.