तिसरं कपलिंग

माझे सासरे तिबुर्सिओ चाळीस वर्षं तांब्याच्या खाणीत लोखंडी पाइप जोडत होते. अशा माणसाच्या हाती प्लास्टिक देऊ नये. पण आमच्या घरात माझं ऐकतंय कोण? हॅच गावातल्या आमच्या मिरचीच्या रोपवाटिकेतली पाण्याची सगळी लाइन मी स्वतः टाकलेली, नळी न् नळी मला पाठ. तरी व्हॉल्व्हपुढचं, दोन नळ्या जोडणारं प्लास्टिकचं कपलिंग उन्हाने जुनं होऊन गळायला लागलं तेव्हा अपा म्हणाले, "हे माझं काम." अपा म्हणजे तेच. सगळं घर त्यांना अपा म्हणतं.

हिवाळ्यात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, जीभ तर आधीपेक्षा तिखट झाली, पण मूठ सैल राहिली. तेव्हापासून फिनिक्सची माझी नणंद ग्रासिएला हटूनच बसली होती, अपांना घेऊन जाते म्हणून. तिथे लिफ्ट आहे, थंड हवा आहे, समोर दवाखाना आहे. रविवारी ती येणार होती. अपा तिला फोनवर म्हणाले, आणि ते मी या कानांनी ऐकलं, "हा एक जोड मला कोरडा ठेवता आला, तर मी इथेच राहीन. नाहीतर ये आणि घेऊन जा."

मला असा संताप आला! माणसाने आपलं राहतं घर दीड इंची कपलिंगवर पणाला लावावं? पण बोलून काय उपयोग, सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

सोमवारी नवं बसवलं, ते गळलं. बुधवारी दुसरं, तेही गळलं.

"हे कसलं प्लास्टिक! पोरांची खेळणी बरी," अपा करवादले.

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हटलं.

एरवी त्यांनी मला सव्याज परत दिलं असतं. त्या दिवशी त्यांनी नुसता पाना उचलला आणि घरात निघून गेले. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

शुक्रवारी सकाळी मी रोपांच्या रांगेआड वाकून ट्रे हलवत होते. अपांना वाटलं मी घरात आहे. त्यांनी तिसरं कपलिंग चढवलं, खाणीतला तो थोरला पाना लावला, इकडेतिकडे पाहिलं, आणि पान्याच्या दांड्यावर दोन हात लांब लोखंडी नळी चढवली. मग अख्खं अंग टाकून ओढलं. कट्ट करून आवाज झाला.

"अपा!"

"पाना वाजला," ते दचकून म्हणाले.

"पाना कुठला! काढा ते आधी."

त्यांनी काढलं नाही, मीच काढलं आणि उन्हात धरलं. आत गळती रोखायच्या पांढऱ्या टेपचे आठ-दहा वेढे चुरगळून बसलेले, आणि तोंडाच्या कडेला केसाएवढी चीर. मी धावत जाऊन भंगाराच्या बादलीतून आधीची दोन आणली. त्यांनाही तशीच चीर.

"बघा! तुम्ही फोडलीत. तिन्ही."

अपा उलट्या बादलीवर बसले. उजवा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिले.

"हात गेला, ओफेलिया," ते म्हणाले. "मूठ आवळतच नाही. मला वाटलं, घट्ट बसत नाही म्हणून गळतंय. म्हणून टेप वाढवली, म्हणून नळी लावली. तुला दिसू नये म्हणून तू नसताना लावायचो."

मला गोड बोलता येत नाही.

"अहो, अति तिथे माती! लोखंड सोसतं, हे तडकतं. जास्त टेप झाली तरी आतून ताण बसून फाटतं. तीन वेढे टेप, हाताने जाईल तेवढं फिरवायचं, मग छोट्या पान्याने एक फेरा. याला तुमचा खाणीतला हात नकोच आहे. आत्ताचा पुरतो."

"माझी समजूत काढू नकोस, पोरी."

"समजूत काढायला वेळ कुणाला आहे? पहिल्या वर्षी मी सात फोडली होती, तुमच्या लेकाला विचारा. हे घ्या चौथं. शेवटचं आहे."

त्यांनी नळीच्या आट्यांतले टेपचे जुने तुकडे नखाने काढले. मग आवळायच्या दिशेने तीन वेढे दिले, एकही सुरकुती नाही. कपलिंग हाताने फिरवलं. जिथे हात थांबला तिथे ते थांबले. छोट्या पान्याने एक फेरा. दंडाला अजून ओढायचं होतं, मला दिसत होतं.

"पुरे," मी म्हटलं.

"कळतं मला!" ते खेकसले. मला फार बरं वाटलं.

पाणी सोडलं. अपांनी खिशातून खाकी कागद काढून जोडाखाली पसरला आणि डबा उघडला. खाणीतली त्यांची रीतच तशी होती: जेवण होईपर्यंत कागद कोरडा, तर काम पक्कं. आम्ही राजमा भरलेले बरीतो खात बसलो. मी सारखी कागदाकडे वाकून बघत होते.

"आवरा की लवकर."

"घाई करणाऱ्याचाच कागद भिजायचा," म्हणत त्यांनी शेवटचा घास सावकाश चावला, बोटं पुसली आणि कागद उचलला. उजव्या बोटांना ओल-कोरडं नीट कळत नाही त्यांच्या, म्हणून गालाला लावून पाहिला. मग दुसऱ्या गालाला. मग घडी घालून खिशात ठेवला.

तेवढ्यात ग्रासिएलाचा रोजचा दुपारचा फोन आला.

"ये ना रविवारी," अपा तिला म्हणाले. "जेवायलाच ये. जाताना मात्र एकटी जाशील. आणि हे बघ, येताना चार कपलिंगं घेऊन ये, दीड इंची. तुझ्या वहिनीची मी फोडलीत."